आधी भाडेकरार, मग जागेची पसंती

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

नवे दुकान सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी आपल्या दैनिकाच्या व्यवसायविषयक पानावर नुकताच एक मार्गदर्शनपर लेख प्रसिद्ध झाला. सवलतीच्या दरात माल विकणाऱ्या दुकानासाठी आधी वर्दळीची जागा पक्की करावी आणि भाडेकराराचे काम त्यानंतर वकिलाकडे सोपवावे, असा सल्ला त्यात आहे. लेखातील मालखरेदी आणि मांडणीविषयीचा भाग उपयुक्त आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु हा एक सल्ला मला धोक्याचा वाटतो. जागा मनात भरल्यानंतर करार वाचणारा माणूस त्या करारात काहीही मागण्याच्या स्थितीत राहिलेला नसतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. माझे म्हणणे असे आहे की, सवलतीच्या दुकानाच्या बाबतीत जागेची निवड आणि भाडेकरार हा एकच निर्णय आहे, आणि जी जागा योग्य अटींवर मिळत नाही ती, तिच्यासमोरून कितीही माणसे जात असली, तरी योग्य जागा नव्हे.

हे सवलतीच्या दुकानालाच विशेषत्वाने का लागू पडते, ते साध्या हिशेबाने दिसते. समजा, १०० च्या विक्रीत मालाची खरेदी किंमत ७८ आहे. उरलेल्या २२ मधून पगार, वीज, वाहतूक, विमा आणि मालाची तूट यांवर १६ खर्च झाले, तर हाती ६ राहतात. भाडे विक्रीच्या ४ टक्के असेल तर मालकाला २ मिळतात, आणि तेच भाडे ६ टक्के झाले तर वर्षभराच्या कष्टांनंतर काहीच उरत नाही. ज्या व्यापारात १०० मागे ४० किंवा ५० सुटतात, तिथे भाड्यातील दोन टक्क्यांचा फरक पचतो. इथे तो फरक म्हणजे संपूर्ण नफा असतो. शिवाय, माल महाग पडला तर पुरवठादार बदलता येतो आणि मांडणी चुकली तर एका रात्रीत बदलता येते, पण भाडे एकदा लिहून दिले की मुदत संपेपर्यंत ते जागचे हलत नाही.

आता वर्दळीविषयी. वर्दळ आणि खरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवलतीच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक मनातल्या मनात एक वजाबाकी करत असते: इथे माझे किती वाचतील, आणि इथवर येण्याजाण्यात, वाहन लावण्यात, रांगेत उभे राहण्यात माझा किती वेळ आणि पैसा जाईल. पहिली रक्कम दुसरीपेक्षा स्पष्टपणे मोठी असली, तरच ते येते आणि पुन्हा येते. म्हणून रोज लागणाऱ्या किरकोळ वस्तू विकणाऱ्या दुकानाला लोकांच्या चालण्याच्या वाटेवरच असावे लागते, तर महिन्याचे सामान एकदम भरून देणाऱ्या दुकानाला मोक्याच्या चौकापेक्षा वाहन लावण्याची सोय आणि सोपा प्रवेश अधिक मोलाचा ठरतो. आपण कोणत्या प्रकारचे दुकान काढणार आहोत, हे ठरवल्याशिवाय जागा पाहायला निघणे व्यर्थ आहे.

या विषयाचा अभ्यास जुना आहे. विल्यम रायली या अमेरिकन अभ्यासकाने १९३१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, दोन गावांच्या मधल्या भागातील गिऱ्हाइकांवरची गावांची ओढ लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यावरून पुढे पॉल कॉन्व्हर्स यांनी सीमाबिंदू काढण्याचे सूत्र दिले. एक गाव दुसऱ्याच्या चौपट मोठे असेल आणि दोहोंत ३० किलोमीटर अंतर असेल, तर लहान गावाची ओढ साधारण १० किलोमीटरपर्यंत पोहोचते आणि पुढचे २० किलोमीटर मोठ्या गावाच्या वाट्याला जातात. शहराच्या आत मात्र हे सूत्र लंगडे पडते. तिथे १९६० च्या दशकात डेव्हिड हफ यांनी मांडलेली पद्धत अधिक उपयोगी आहे, कारण ती सरळ सीमा न आखता, एखाद्या घरातील माणूस आपल्या दुकानात येण्याची शक्यता किती, हे दुकानाचा आकार, तिथवर जायला लागणारा वेळ आणि जवळपासची इतर दुकाने यांवरून काढते. नवख्या दुकानदाराने हे गणित मांडलेच पाहिजे असे नाही. पण त्यातील एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती म्हणजे अंतर नकाशावर न मोजता मिनिटांत मोजावे. मधे रेल्वेचे रूळ, नदी किंवा न ओलांडता येणारा दुभाजक असेल, तर समोर दिसणारी वस्तीसुद्धा व्यापाराच्या दृष्टीने दूरची ठरते.

माझ्या धाकट्या भावाने आणि मी मिळून काही वर्षांपूर्वी असे एक दुकान काढले होते. जागा निवडताना आम्ही दोन संध्याकाळी समोरच्या बाजूला उभे राहून माणसे मोजली आणि आकडा पाहून हरखून गेलो. त्या दोन्ही संध्याकाळी महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या होत्या, म्हणजे बहुतेकांच्या हाती पगार नुकताच आलेला होता. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत तो रस्ता कसा दिसतो, ते आम्हाला दुकान उघडल्यावर कळले. आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती: ज्या बाजूला आमचा गाळा होता, ती सकाळी कामावर जाणाऱ्यांची बाजू होती. सकाळी घाईत असलेला माणूस बादली किंवा तेलाचा डबा विकत घेऊन कामावर जात नाही. तो संध्याकाळी परतताना घेतो, आणि संध्याकाळची गर्दी समोरच्या पदपथावरून जात होती. रस्ता ओलांडण्याची जागा बरीच पुढे होती.

या अनुभवातून मी जे शिकले, ते इथे तपशिलाने लिहिते, कारण लेखात याविषयी काहीच नाही. मोजणी किमान सात सलग दिवस आणि त्याखेरीज महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातील दोन-तीन दिवस अशी करावी. दिवसाच्या चार वेगवेगळ्या वेळा ठराव्यात आणि प्रत्येक वेळी दोन्ही दिशांची वेगळी नोंद ठेवावी. नुसती माणसे मोजू नयेत. त्यांच्यापैकी कितीजणांच्या हातात खरेदीच्या पिशव्या आहेत, कितीजण शेजारच्या दुकानांपाशी थांबतात आणि कितीजण लहान मुलांना घेऊन आहेत, हे पाहावे. पिशवी घेऊन चाललेली ४० माणसे रिकाम्या हातांनी धावत जाणाऱ्या ४०० माणसांपेक्षा आपल्या कामाची असतात. वाहनाने येणाऱ्यांवर दुकान अवलंबून असेल, तर गाड्यांचा वेगही पाहावा, कारण वेगाने जाणाऱ्या गाडीतून पाटी वाचून होईपर्यंत वळण मागे पडलेले असते. शक्य असल्यास पावसाच्या दिवशी तिथे जाऊन पाणी कुठे साचते, तेही बघावे.

मोजणीइतकीच महत्त्वाची चौकशी म्हणजे आधीचा भाडेकरू का गेला. जागामालक आणि दलाल याचे जे उत्तर देतील, ते ऐकून घ्यावे आणि मग शेजारच्या गाळेधारकांना विचारावे. शक्य झाल्यास त्या माजी भाडेकरूलाच शोधून काढावे. आम्ही विचारले नाही. विचारले असते, तर त्या इमारतीतील देखभाल शुल्क दरवर्षी कसे वाढत होते, हे आम्हाला सही करण्यापूर्वी कळले असते.

त्याच मालाचे, त्याच किमतीचे दुकान एका ठिकाणी बुडते आणि दुसऱ्या ठिकाणी तरते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन व्यापारी फ्रँक वूलवर्थ यांचे आहे. त्यांनी १८७९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे पाच सेंटांत वस्तू विकणारे दुकान काढले आणि ते काही महिन्यांतच बंद करावे लागले. कल्पनाच चुकीची आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे त्यांनी तेच पुन्हा करून पाहिले, आणि तिथे ते चालले. या घटनेचा मला जाणवणारा दुसरा पैलू असा की, युटिकातून ते लवकर बाहेर पडू शकले. दहा वर्षांच्या भाड्याने त्यांना तिथे बांधून ठेवले असते, तर लँकेस्टरसाठी त्यांच्याजवळ भांडवल उरले असते का, याचा विचार प्रत्येक नव्या दुकानदाराने करावा.

स्पर्धकाच्या शेजारी जावे की दूर, यावर फार लिहिण्याची गरज नाही. अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्येच दाखवून दिले होते की एकच प्रकारचा माल विकणारे दोन विक्रेते गिऱ्हाईक वाटून घेताना एकमेकांच्या जवळ सरकत जातात. सवलतीच्या दुकानाला मोठ्या किराणा दुकानाचा किंवा औषधाच्या दुकानाचा शेजार सहसा फायद्याचा ठरतो, कारण तिथे लोक वारंवार येतात. आपल्याच मालाचे, आपल्याच भावाचे दुसरे दुकान शेजारी असणे मात्र परवडत नाही, कारण मग स्पर्धा फक्त भाव उतरवण्याची राहते आणि भाव उतरवायला आपल्याकडे जागाच नसते.

गाळ्याच्या आतल्या गोष्टींत छताची उंची, खांबांमधील अंतर, विजेचा मंजूर भार आणि मालाचा ट्रक मागच्या बाजूने लागतो की नाही, हे पाहावे. यातील शेवटची गोष्ट नवखे दुकानदार हमखास विसरतात. सवलतीचे दुकान थोड्या नफ्यावर पुष्कळ माल फिरवते, म्हणजे माल उतरवण्याचे काम जवळजवळ रोजचे असते. तो पुढच्या दारातून, गिऱ्हाइकांच्या गर्दीतून आत न्यावा लागला, तर मजुरी वाढते आणि तूटही वाढते. त्याबरोबरच, त्या जागेत किरकोळ विक्रीला स्थानिक प्रशासनाची परवानगी आहे का, आणि समोरच्या रस्त्यावर पूल, दुभाजक किंवा खोदकाम योजलेले आहे का, याची चौकशी संबंधित कार्यालयात स्वतः जाऊन करावी.

आता भाडेकराराकडे वळते, कारण माझ्या पत्राचे मुख्य कारण तेच आहे.

वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांचे नाव आज सवलतीच्या व्यापाराशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांचे पहिले दुकान १९४५ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या न्यूपोर्ट या लहान गावात सुरू झाले. भाडे विक्रीच्या ५ टक्के होते, जे इतरांच्या तुलनेत खूप जास्त असल्याचे त्यांना नंतर समजले. तरीही त्यांनी मेहनतीने त्या दुकानाची वार्षिक विक्री पाच वर्षांत ७२ हजार डॉलरवरून अडीच लाख डॉलरपर्यंत नेली. आणि मग करार संपला. त्यात नूतनीकरणाचे कलमच नव्हते. जागामालकाला ते चालते दुकान आपल्या मुलासाठी हवे होते, आणि दुसरी योग्य जागा गावात नव्हती. १९५० मध्ये वॉल्टन कुटुंबाला ते गाव सोडावे लागले. पुढे बेंटनव्हिल येथे नव्याने सुरुवात करताना शेजारची जागा जोडून घेण्यासाठी त्यांनी जो करार केला, त्याची मुदत ९९ वर्षे होती. १९६२ च्या जुलैमध्ये रॉजर्स येथे उघडलेले पहिले वॉलमार्ट ही त्यानंतरची गोष्ट आहे. जागा ओळखण्याची वॉल्टन यांची नजर असामान्य होती. पुढच्या काळात ते स्वतः छोटे विमान चालवत गावांवरून कमी उंचीवर घिरट्या घालत आणि गाव कोणत्या दिशेने वाढते आहे, गाड्या कुठून कुठे जात आहेत, हे वरून पाहत. अशा माणसाचेही पहिले दुकान गेले ते जागा चुकली म्हणून नव्हे, तर एक कलम राहून गेले म्हणून.

नूतनीकरणाचे कलम असे असावे की मुदत संपताना करार वाढवून घेण्याचा अधिकार भाडेकरूला राहील. अनेक मसुद्यांत ‘उभयपक्षी संमतीने मुदत वाढवता येईल’ असे लिहिलेले असते, आणि वाचणाऱ्याचे त्यावर समाधान होते. प्रत्यक्षात या वाक्याने काहीही मिळत नाही, कारण उभयपक्षी संमती असेल तर तसे वाक्य नसले तरी नवा करार करता येतोच. अधिकार भाडेकरूचा आहे, तो किती मुदतीसाठी आहे, त्या काळातील भाडे कोणत्या सूत्राने ठरेल, आणि लेखी सूचना किती महिने आधी द्यायची, या चारही गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. सूचनेची तारीख चुकली तर अधिकार जातो, म्हणून ती तारीख करार झाला त्याच दिवशी दुकानाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावी. छोट्या दुकानदाराने पाच-पाच वर्षांचे दोन पर्याय मागावेत, हे एकदम दहा वर्षांसाठी बांधून घेण्यापेक्षा कितीतरी चांगले, असे माझे मत आहे.

भाडेवाढीच्या कलमात चक्रवाढीचा परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. दरवर्षी ५ टक्के आणि दर तीन वर्षांनी १५ टक्के, या दोन अटी ऐकायला सारख्या वाटतात. पहिल्या अटीत दहाव्या वर्षीचे भाडे पहिल्या वर्षाच्या सुमारे १.५५ पट होते आणि दहा वर्षांत एकूण १२.५८ वर्षांचे, म्हणजे पहिल्या वर्षीच्या दराने तेवढ्या वर्षांचे, भाडे दिले जाते. दुसऱ्या अटीत हाच आकडा ११.९४ येतो. फरक सुरुवातीच्या दराने जवळजवळ आठ महिन्यांच्या भाड्याइतका आहे. आपल्या मालाच्या किमती मात्र आपण दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवू शकू, असे सवलतीचे दुकान गृहीत धरू शकत नाही, कारण कमी किंमत हेच त्याच्याकडे येण्याचे कारण आहे.

काही जागामालक ठरावीक भाड्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला विक्रीतील हिस्सा मागतात. नव्या दुकानासाठी ही पद्धत वाईट नाही, कारण मंदीच्या महिन्यांत मालकही थोडा भार उचलतो. पण हिस्सा कोणत्या विक्रीनंतर सुरू होणार, ते पाहावे. समजा, किमान भाडे वर्षाला ६० आहे आणि हिस्सा ५ टक्के आहे. ६० ला ५ टक्क्यांनी भागले की १,२०० येतात. विक्री १,२०० च्या पुढे गेली, तरच वरच्या रकमेवर ५ टक्के देणे न्याय्य आहे, म्हणजे १,५०० च्या विक्रीवर जादा १५. करारात ही मर्यादा मुद्दाम खाली, समजा ९०० वर, ठेवलेली असेल, तर त्याच विक्रीवर जादा ३० द्यावे लागतात. विक्रीची व्याख्याही करारात हवी. परत आलेला माल, शासनाला भरलेला कर आणि एका शाखेतून दुसरीकडे पाठवलेला साठा यांवर हिस्सा देण्याचे कारण नाही.

क्षेत्रफळाच्या बाबतीत एकच गोष्ट सांगते. कागदावर १,००० चौरस फूट आणि प्रत्यक्ष वापरायला ७०० चौरस फूट असेल, तर आपण दर चौरस फुटाला सांगितल्यापेक्षा सुमारे ४३ टक्के जास्त भाडे देत असतो. म्हणून टेप घेऊन स्वतः मोजावे आणि दोन जागांची तुलना वापरण्याजोग्या क्षेत्रावरच करावी. तसेच कर, विमा आणि देखभाल हे तिन्ही खर्च भाडेकरूच्या माथी टाकणारे करार जगभर प्रचलित आहेत. ते स्वीकारावे लागले, तरी देखभाल शुल्काच्या वार्षिक वाढीला कमाल मर्यादा, त्यात काय धरायचे नाही याचा उल्लेख आणि वर्षातून एकदा हिशेब तपासण्याचा अधिकार, हे मागितलेच पाहिजे. इमारतीचे छत बदलणे किंवा उद्वाहन नवे बसवणे हा मालकाच्या मालमत्तेवरचा खर्च आहे. तो देखभालीच्या नावाखाली पाच वर्षांसाठी आलेल्या भाडेकरूकडून वसूल होता कामा नये.

आमच्या करारात शुल्क ‘प्रत्यक्ष खर्चानुसार’ एवढेच शब्द होते. तिसऱ्या वर्षी भाडे आणि शुल्क मिळून आमच्या विक्रीच्या जवळजवळ एक दशांश झाले. त्याच सुमारास रस्त्याच्या मधोमध दुभाजक आला आणि पलीकडच्या वस्तीतून येणारी गिऱ्हाइके तुटली. आम्ही बंद करायचे ठरवले, तेव्हा कळले की पाच वर्षे सोडून न जाण्याचे बंधन फक्त आमच्यावर होते. मालक मात्र तीन महिन्यांची सूचना देऊन आम्हाला कधीही काढू शकत होता. पोटभाडेकरू ठेवण्याची किंवा दुसऱ्या कुणाला करार हस्तांतरित करण्याची मुभा नव्हती. माल विकून टाकला, कामावरच्या मुलींचा हिशेब चुकता केला, आणि त्यानंतर १४ महिने आम्ही रिकाम्या गाळ्याचे भाडे भरत होतो. भावाने वैयक्तिक हमी लिहून दिलेली असल्यामुळे ते पैसे त्याच्या घरखर्चातून गेले. हे लिहिताना मला अजून त्रास होतो. मालकाने कराराबाहेरचे काहीही केले नाही. आम्ही ज्यावर सही केली होती, तेच त्याने मागितले.

म्हणून बाहेर पडण्याच्या अटी आत शिरण्यापूर्वी ठरवाव्यात, असे मी कळकळीने सांगते. न सोडण्याचे बंधन असेल तर ते दोन्ही बाजूंना सारखे असावे आणि शक्यतो दोन ते तीन वर्षांपुरते असावे. विक्री ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचली नाही, तर विशिष्ट दंड भरून करार संपवण्याचा पर्याय मागता येतो, आणि तो अनेकदा मिळतोही. पोटभाडेकरू ठेवण्यास मालकाने विनाकारण नकार देऊ नये, असे शब्द घालावेत. वैयक्तिक हमी टाळावी. टाळता येत नसेल, तर ती ठरावीक महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित असावी आणि दरवर्षी कमी होत जावी. भाडेकरार हे एक प्रकारचे कर्जच आहे. आंतरराष्ट्रीय लेखामानकांनीही १ जानेवारी २०१९ पासून बारा महिन्यांहून अधिक मुदतीचे बहुतेक भाडेकरार ताळेबंदात दायित्व म्हणून दाखवणे बंधनकारक केले आहे. छोट्या दुकानदारावर ते मानक लागू नसेल, पण त्याने स्वतःच्या वहीत तोच हिशेब करावा: बंधनाच्या मुदतीतील सर्व भाडे, सर्व शुल्क आणि जागा पूर्ववत करून देण्याचा खर्च यांची बेरीज मांडावी, आणि एवढे कर्ज आपण बँकेकडून घेतले असते का, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

आणखी दोन कलमांचा उल्लेख आवश्यक आहे. व्यापारी संकुलातील गाळा घेताना, त्याच संकुलात त्याच प्रकारचे सवलतीचे दुकान मालक दुसऱ्याला देणार नाही, असे लिहून घ्यावे. आणि ज्या मोठ्या दुकानाच्या भरवशावर आपण तिथे जातो आहोत ते बंद पडले, तर भाडे कमी होईल किंवा आपल्याला निघता येईल, अशी तरतूद मागावी. दुसरे म्हणजे इमारत गहाण आहे का, ते तपासावे. मालकाने कर्ज थकवले आणि इमारत कर्ज देणाऱ्या संस्थेच्या ताब्यात गेली, तर काही परिस्थितीत नियमित भाडे भरणाऱ्या भाडेकरूलाही जागा सोडावी लागू शकते. कर्ज देणाऱ्या संस्थेकडून, आपला करार कायम राहील, असे पत्र आधीच मिळवणे शक्य असते. करार नोंदवण्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, आणि इथे मात्र वकिलाचा सल्ला घ्यायलाच हवा, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे.

माझा आक्षेप क्रमाला आहे. वकील मसुदा शुद्ध करून देऊ शकतो; पण आपण जागा पसंत असल्याचे आधीच सांगून टाकले असेल, अनामत रक्कम दिली असेल आणि फळ्या बनवायला टाकल्या असतील, तर तो आपल्या वतीने काही मागू शकत नाही. म्हणून शेवटपर्यंत किमान दोन जागा हातात असाव्यात, आणि दोन्ही मालकांकडून भाडे, वाढ, मुदत, नूतनीकरण, शुल्क, बंधन आणि बाहेर पडण्याची अट, एवढ्या गोष्टी एका पानावर लेखी घ्याव्यात. त्या पानावरच्या आकड्यांनिशी दहा वर्षांचा हिशेब मांडल्यावर, चौकातली जागा आणि तिच्या मागच्या गल्लीतली जागा यांच्यातील निवड कितीतरी वेळा उलटते. भाडे कधीपासून सुरू होणार, हेही त्याच पानावर असावे. ताबा मिळाल्यापासून दुकान उघडेपर्यंतचे सहा-आठ आठवडे भाडेमुक्त मिळाले, तर सुरुवातीच्या मालासाठी तेवढे भांडवल मोकळे राहते.

जागामालकांची बाजूही मी समजून घेते. त्यांनाही कर्जाचे हप्ते असतात आणि सहा महिन्यांत गाशा गुंडाळणाऱ्या भाडेकरूचा जाच त्यांनी सोसलेला असतो. त्यामुळे स्वतःच्या भांडवलाचा पुरावा, विक्रीचा प्रामाणिक अंदाज आणि आधीच्या व्यवसायाची माहिती घेऊन त्यांच्यासमोर गेल्यास, वर लिहिलेल्या बऱ्याच अटी ते ऐकून घेतात. वाढीव अनामत रकमेच्या बदल्यात कमी मुदतीचे बंधन, हा सौदा दोघांनाही परवडतो.

आपणास माझी विनंती अशी आहे की, या लेखमालेच्या पुढील भागांत एखाद्या कोऱ्या भाडेकराराचा नमुना कलमवार स्पष्टीकरणासह छापावा, आणि प्रत्येक कलमाखाली त्याचा दहा वर्षांत होणारा आर्थिक परिणाम आकड्यांत द्यावा. तसेच ज्यांना दुकान बंद करावे लागले, अशा वाचकांचे अनुभव मागवावेत. यशस्वी दुकानदारांच्या मुलाखती आपण नेहमी छापता आणि त्या मी आवडीने वाचते, परंतु भाडेकराराविषयी त्यांच्यापेक्षा बंद पडलेल्यांना अधिक माहीत असते. आपण हा उपक्रम हाती घेतल्यास आमच्या कराराची प्रत, नावे झाकून, मी आपल्याकडे पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक वाचक